आक्कांच्या मागे लुना

"बरोबर कोण आहे?" असं मला कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आता वय झालं, बीपीची गोळी चालू आहे, तरी फिरतं. दवाखान्यातल्या पोरीने विचारो, नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरने, माझं उत्तर ठरलेलं असतं, "का, तुम्हाला यायचंय?" लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत बापडे. ही सवय मला माझ्या नणंदेच्या पायी लागली, आणि अशी नणंद मिळाली म्हणून मी आजही स्वतःला नशीबवान समजते. भावजय नणंदेबद्दल सहसा असं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सहसा जे घडतं ते आक्कांच्या बाबतीत कधी घडलंच नाही.

त्यांचं नाव सगुणाबाई सहादू पगारे. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. माझे मालक जयराम हे त्यांचे धाकटे भाऊ. मालकांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, पण कागदावर घ्यायला माझं काय जातंय?

आक्कांचा राग समजून घ्यायचा तर छप्पन सालापासून सुरुवात करावी लागते. माझे सासरे, सहादू पगारे, दीक्षेला नागपूरला गेले. बरोबर सासूबाई होत्या आणि खांद्यावर सात वर्षांचे जयराम. दहा वर्षांच्या आक्का मागे राहिल्या. शेळ्या कोण बघणार? आणि एवढ्या गर्दीत पोरीला सांभाळायला बरोबर कोण? झालं, विषय संपला. घरच्यांनी शेजारच्या लंकाबाईला सांगितलं, पोरीकडे लक्ष ठेव, आणि निघाले. जयरामांना त्या सबंध प्रवासातलं आज एवढंच आठवतं की गर्दीत त्यांची एक चप्पल हरवली. लाखो माणसं जन्मभर जो दिवस डोळ्यांसमोर ठेवून जगली, तो दिवस आमच्या यांनी चप्पल शोधण्यात घालवला. आणि जिला तो पाहायचा होता ती दिंडोरीकडच्या एका बांधावर शेळ्या हाकत होती. परत आल्यावर सासूबाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, सगुणे, आजपासून आपण बौद्ध. आक्का म्हणायच्या, "मालन, मला माझा धर्मसुद्धा घरपोच मिळाला गं."

पुढे त्यांचं लग्न झालं. नवरा रेल्वेत होता. तो एकदा कल्याणला बदलून गेला तो गेलाच. वाट बघत बसणं आक्कांना जमलं नाही. माहेरी आल्या, राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं, नर्सचा कोर्स केला आणि उपकेंद्रावर नोकरीला लागल्या. वस्त्या लांब लांब, रस्ते म्हणजे गाडीवाटा. त्यांनी जुनी लेडीज सायकल घेतली आणि त्या पांढऱ्या साडीत, हँडलला पिशवी अडकवून, निफाड तालुक्यातल्या मळ्यामळ्यांतून फिरू लागल्या. रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावणं आलं की कंदील हँडलला टांगायचा आणि निघायचं. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. नर्सबाईंचं कामच ते, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

ब्याऐंशी साली दसऱ्याच्या आधी त्या रजा टाकून आमच्याकडे नाशिकला आल्या आणि जेवताना म्हणाल्या, "मी नागपूरला चाललेय. सायकलवर."

जयरामांचा घास हातातच राहिला. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळणारा हा माणूस. प्रत्येक वस्तू आपापल्या खणात असली पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. बायकांचाही एक खण असतो, अशी त्यांची समजूत.

"बरोबर कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मी रजा काढतो. ट्रेनने जाऊ."

"तू एकदा जाऊन आलास, जयराम. आता शेळ्या विकल्या. मी मोकळी आहे."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे तिला." पण घरातल्या म्हातारीचं कोण ऐकतं? रात्रभर जयरामांची डाकूंपासून विंचवापर्यंत सगळी संकटं सांगून झाली. आक्का शांतपणे चेनला तेल देत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मला कुणी नेलं असं नको आहे. मी गेले, असं मला स्वतःला म्हणता आलं पाहिजे. बास. दुसरं काही नको." जयराम एकदाचे 'हो' म्हणाले. मला तर ते पटलं. इतकं पटलं की मी उठून त्यांच्यासाठी दशम्या करायला घेतल्या.

सकाळी त्या निघाल्या. कॅरियरला वळकटी, हँडलला ती कामाची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर ड्युटीचीच पांढरी साडी, काष्टा घालून नेसलेली. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. जयराम गोड हसत म्हणाले, "जप आक्का." मला तेव्हाच शंका आली. हा माणूस एवढ्या सहज माघार घेणारा नव्हे.

आक्का कोपऱ्यावरून वळल्या आणि यांनी मागच्या दारातून लुना बाहेर काढली.

"बस," मला म्हणाले. "नुसतं विंचूरपर्यंत. लांबूनच. तिला दिसणारसुद्धा नाही."

"तुम्ही रात्री हो म्हणालात ना?"

"हो म्हणालो म्हणजे काय वाऱ्यावर सोडायचं?"

मी बसले. न बसते तर हे एकटेच गेले असते, आणि यांच्यावर लक्ष ठेवायला बरोबर कोण?

ज्यांनी लुना पाहिली नाही त्यांना सांगते. तिला धड सायकल म्हणता येत नाही की धड गाडी. पेडल मारून सुरू करायची, चढ आला की पेडल मारून चढवायची, आणि दोन माणसं बसली की ती कण्हायला लागते. औरंगाबाद नाका मागे पडला. समोर रस्त्यावर आक्कांची पांढरी साडी ठिपक्यासारखी दिसत होती, आणि मागे आम्ही. सायकलच्या वेगाने लुना चालवायची म्हणजे ती तापते. तापली की थांबायचं, चिंचेच्या झाडामागे लपायचं. जयराम प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. रविवारी आंघोळीआधी प्लग घासणे ही आमच्या वसाहतीतल्या लुनावाल्यांची पूजाच होती. मी इतकी वर्षं शेजारी बसून ती पाहत आले होते. कोणता पाना, कुठल्या बाजूला फिरवायचा, सगळं पाठ झालं होतं. त्याचा पुढे उपयोग झाला.

ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको. शिलापूर, ओढा गेलं. द्राक्षबागांत छाटणी चालू होती. माणसं कात्री थांबवून आक्कांकडे बघत होती, आणि आमच्याकडे बघून पुन्हा कामाला लागत होती. मला कळेना की आम्हाला पाहून त्यांचं एवढं समाधान का होतंय. चांदोरीला कळलं.

चांदोरीच्या फाट्यावर आक्का चहाला थांबल्या. आम्ही मागे बैलगाडीच्या आडोशाला उभे राहिलो. हॉटेलवाल्याने कपबशी ठेवली आणि विचारलं, "कुठं चालल्या म्हणायच्या बाई?"

"नागपूरला."

"सायकलवर? आन् बरोबर कोण हाय?"

"कोणी नाही."

त्याने चहाची किटली खाली ठेवली. "मंग तुम्ही हितंच बसा. माझा मेव्हणा निफाडला निघालाय आत्ता. त्याच्या संगं जावा. एकट्या बाईमाणसानं जायचा रस्ता नाय हा."

"मी या रस्त्यावर निम्मी नोकरी केलीय," आक्का म्हणाल्या.

"आसंल. पण एकटीला नाय जाऊ द्यायचो मी. उद्या काय झालं तर लोक मलाच म्हणतील, हितनं गेली." आणि खरंच त्याने मेव्हण्याला हाक मारली. तो माणूस मिशीवर हात फिरवत सायकल घेऊन आलासुद्धा.

इथे आमच्या यांचा बांध फुटला. बैलगाडीमागून उडी मारून ते ओरडले, "मी आहे! मी आहे बरोबर! भाऊ आहे मी!"

हॉटेलवाल्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आसं सांगा की मंग बाई! या भाऊ, बसा." त्याने जयरामांना खुर्ची दिली, खांद्यावरच्या फडक्याने ती पुसून दिली. चहा दिला, तोही कट नाही, फुल. पैसे घ्यायला तयार होईना. एवढ्या उन्हात सायकल मारून आलेली बाई बाकड्यावर, आणि लुनावर बसून आलेला पुरुष खुर्चीत. मला त्या हॉटेलवाल्याचा राग आला, मेव्हण्याच्या मिशीचा आला, आणि खुर्चीत बसून फुंकर मारत चहा पिणाऱ्या माझ्या नवऱ्याचा तर असा आला की विचारू नका.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मालन, तूसुद्धा?"

"मी यांच्यावर लक्ष ठेवायला आलेय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "कुठपासून मागे आहात?"

"नाक्यापासून," जयराम म्हणाले.

"म्हणजे सकाळपासून मी एकटी नव्हतेच." त्यांनी कप खाली ठेवला. सकाळपासून त्या मजेत पाय मारत होत्या, मी मागून बघत होते ना. एका उतारावर त्यांनी दोन्ही पाय पेडलवरून उचलून लांब धरले होते, शाळेतल्या पोरीसारखे. तेवढं सगळं त्या क्षणी त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं. "परत जा, जयराम," त्या म्हणाल्या.

"हो हो," हे म्हणाले.

गेले नाहीत. उलट आता उघड झालं म्हटल्यावर चोरी कशाला? लुना सरळ आक्कांच्या पुढे काढली. पुढे राहून हॉर्न वाजवायचा, बैलगाड्यांना बाजूला करायचं, ट्रक आला की हात दाखवायचा. लुनाचा निळा धूर थेट आक्कांच्या तोंडावर जात होता. मी यांच्या पाठीत गुद्दा घातला. "धूर जातोय त्यांना!"

"मग काय मागून संरक्षण करू?"

संरक्षण! सबंध रस्त्यात त्यांना त्रास देणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्या कॅरियरवर बसले होते. निफाडमधून जाताना एका बाईने आपल्या सासूला सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं, "आत्याबाई, त्यो बघा, भाऊ बहिणीला सायकल शिकवीत चाललाय."

आक्कांनी तेही ऐकलं असणार. त्या नुसत्या पाय मारत राहिल्या.

विंचूरच्या फाट्यावर माणसं जमलेली लांबूनच दिसली. कडुलिंबाखाली दोन खुर्च्या होत्या, बॅटरीवरचा कर्णा होता. जयराम मिशीत हसले आणि मला सगळा प्रकार कळला. गोटीराम केदारे म्हणून विंचूरचे एक गृहस्थ यांच्याच कारखान्यात होते, सुट्टीला गावी यायचे. पहाटे दूध आणायला म्हणून गेले तेव्हा यांनी त्यांच्या कानात घातलं होतं, आणि ते पहिल्या एस.टी.ने पुढे आले होते. आपल्याकडे माणूस घरातून बाहेर पडला की पहिल्या फाट्यावर त्याचा सत्कार झाला पाहिजे. काम पुरं झालं की नाही ते मागाहून बघतात.

हार एकच होता. झेंडूचा, चांगला मनगटाएवढा जाड. गोटीराम तो घेऊन पुढे आले. आक्का सायकल धरून उभ्या होत्या, कपाळावरचा घाम पदराने पुसत होत्या. गोटीराम त्यांच्याजवळून पुढे गेले आणि त्यांनी तो हार जयरामांच्या गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. आक्कांच्या हातात एक गुलाबाचं फूल दिलं. तेही सुकलेलं.

हे चुकून झालं असतं तर मी समजू शकले असते. पण गोटीराम आक्कांना चांगले ओळखत होते. त्या विंचूरजवळच्या उपकेंद्रावर होत्या तेव्हापासून. त्यांनी कर्ण्यात भाषण ठोकलं, "आपल्या नर्सबाईंना त्येंचे बंधू सायकलीवरून नागपूरला घेऊन चाललेत. आजच्या काळात बहिणीसाठी इतका तरास कोन घेतो? आसा भाऊ लय नशिबानं मिळतो."

मग जयराम उठले. गळ्यात हार, पँटच्या एका पायाला लुनाचं ग्रीस. म्हणाले, "मी काही विशेष केलेलं नाही." हे मात्र ते खरं बोलले. पुढे म्हणाले, "माझं कर्तव्य होतं." मी दात ओठ खात उभी होते. मला वाटलं, पुढे होऊन तो कर्णा हिसकावून घ्यावा.

मला काही करावं लागलं नाही. आक्कांनी सायकल झाडाला टेकवली आणि त्या गोटीरामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कर्णा त्यांनी घेतला नाही. त्यांचा आवाज तसाही मोठा होता.

"गोटीराम, तुमची धाकटी केवढी झाली?"

"साळंत जाती आता बाई. तुमच्याच हातची."

"तिच्या वेळेला मला बोलवायला कोण आलं होतं?"

"मीच की."

"कसा दिवस होता?"

गोटीराम हसले. त्यांना वाटलं बाई आता त्यांचं कौतुक करणार. "दिवस कशाचा? काळीकुट्ट रात व्हती. पाऊस लय."

"ओढ्याला पाणी होतं. तुम्ही म्हणालात, बाई, तुम्ही या मागनं, मी पुढं होतो, घरी बायको एकलीच हाय. आणि तुम्ही गेलात. मी कंदील तोंडात धरला, सायकल खांद्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातनं आले. तेव्हा मला विचारलंत का, बाई, बरोबर कोण हाय?"

गोटीराम पायाखालच्या मातीकडे बघू लागले.

"या गावातल्या अर्ध्या पोरांना मी जगात आणलंय. एकाही रात्री एकाही बाप्याने विचारलं नाही, बरोबर कोण? तुमचं काम असलं की नर्सबाई अंधारात एकटी चालते. भुताखेताची भीती नाही तिला, साप नाही, चोर नाही. माझं स्वतःचं काम निघालं, तेही भर दिवसा, डांबरी रस्त्यावर, तर लगेच बरोबर कोण?" त्यांनी ते फूल खुर्चीवर ठेवलं. "आणि हार घालायचाच होता तर ज्याने पाय मारले त्याला घालायचा. नसता घातला तरी चाललं असतं. पण हे काय?"

जयराम पुढे झाले. "आक्का, लोकांसमोर..."

"लोकांसमोर तूच आणलंस. मला एकटीला जायचंय, जयराम. किती वेळा सांगू?"

"तुला काही झालं तर आईला मी काय सांगू?"

"सांग, शेळ्यांकडे गेली."

जयरामांचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला त्यांची थोडी दया आली, खोटं कशाला सांगू? भावाची माया खरी होती. पण त्या मायेच्या पायी बहिणीचा जीव गुदमरत होता, आणि हे त्यांना दिसत नव्हतं, याचा मला जास्त संताप होता.

आता एवढं बोलून झाल्यावर कोणालाही वाटेल की सगळे वरमले असतील, बाजूला झाले असतील. वरमले, अगदी खरोखर वरमले. गोटीरामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मान खाली घालून ते म्हणाले, "बाईंचं म्हणनं सोळा आणे खरं हाय. आमचं चुकलंच." आणि मग डोळे पुसून म्हणाले, "पन येवल्यापर्यंत भाऊ संगं आसलेला बरा."

"येवल्यापर्यंत तरी येऊ द्या बाई," मागून कोणीतरी म्हणालं.

"तिथनं पुढं मी वैजापूरला निरोप धाडतो, आपली मान्सं हायेत," आणखी एक.

पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या लक्षात आलं, हे असंच चालणार. येवल्याला गेल्यावर वैजापूरपर्यंत तरी, वैजापूरला गेल्यावर औरंगाबादपर्यंत तरी, असं करत ही माणसं या बाईला हातोहात नागपूरला पोचवणार, आणि मग गावोगाव सांगणार, आम्ही नेलं. आक्कांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. त्यांचे खांदे पडले. ओढ्याच्या पाण्यातून सायकल घेऊन आलेली बाई त्या कडुलिंबाखाली पहिल्यांदा मला दमलेली दिसली. मग मात्र मला राहवलं नाही.

पुरुष वैजापूरला कोणाला निरोप धाडायचा यावर वाद घालत होते. मी लुनापाशी गेले. डबीतून पाना काढला. प्लगवरची टोपी ओढली, पाना बसवला, दोन्ही हातांनी फिरवला. प्लग निखाऱ्यासारखा तापलेला. पदरात धरला तर पदराला भोक पडलं आणि बोटाला चटका बसला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मग तांब्या घेऊन, आक्कांना पाणी देते म्हणून, त्यांच्याजवळ गेले.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

पदराचा बोचका त्यांच्या तळहातावर सोडला. त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या लुनाकडे.

"भाजलं का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. कामाच्या पिशवीतून मलमाची ट्यूब काढली, माझ्या बोटाला लावली, प्लग कापसात गुंडाळून पिशवीत टाकला. घाईघाईने नाही, सावकाश. जाताना मात्र सायकलवर अशी टांग मारली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वादावादी करणाऱ्या माणसांच्या लक्षात येईपर्यंत पांढरी साडी येवल्याच्या रस्त्याला लागली होती.

"अरे, निघाली की!" जयराम धावले. लुनाला पेडल मारलं, परत मारलं. लुना गप्प. वाकून बघितलं. "प्लग? प्लग कोणी काढला? गोटीराम, तुमच्या गावची पोरं..."

"पोरांना बोलू नका," मी म्हटलं. "मी काढला. आक्कांच्या पिशवीत आहे."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. जयराम माझ्याकडे असं बघत होते जणू मला पहिल्यांदाच पाहताहेत. मी वाट बघत होते, आता तोंड सुटेल, चारचौघांत पाणउतारा होईल. माझी तयारी होती. पण लुनाला पेडल होतं ना! ते तिच्यावर बसले आणि तशीच, इंजिनावाचून, सायकलसारखी पाय मारत आक्कांच्या मागे निघाले. गळ्यात हार तसाच.

फार लांब गेले नाहीत. थोड्या वेळाने रस्त्याच्या वळणावरून लुना ढकलत परत येताना दिसले. शर्ट अंगाला चिकटलेला, तोंड लालभडक, झेंडूच्या पाकळ्या वाटभर सांडलेल्या. कडुलिंबाखाली बसले आणि तांब्याभर पाणी घटाघट प्याले.

"जड आहे गं लुना," म्हणाले. "सायकल हलकी असते." मग म्हणाले, "तरीपण... सकाळपासून चालवतेय ती."

"हो," मी म्हटलं. "आणि तोंडावर धूर घेत."

त्यांनी हार काढून ठेवला. विंचूरचा गॅरेजवाला कोणाच्या तरी दहाव्याला गेला होता, त्यामुळे प्लग मिळाला नाही. संध्याकाळच्या एस.टी.च्या टपावर लुना चढवली आणि आम्ही नाशिकला आलो. मी खिडकीतून येवल्याच्या दिशेला बघत होते, आता कुठे असतील आक्का, म्हणून.

दसऱ्यानंतर आक्का रेल्वेने परत आल्या, ब्रेकव्हॅनमध्ये सायकल टाकून. काळ्याभोर झालेल्या, पायाला फोड, आणि अंगात असं बळ की दारातच त्यांनी सासूबाईंना उचललं. सासूबाईंनी विचारलं, "काय बघितलंस?" त्या म्हणाल्या, "गर्दीत उभी राहिले आणि मला काय आठवलं माहिताय आई? शेळ्या." मग दोघी बराच वेळ रडल्या. छप्पन सालाबद्दल त्या घरात कोणीतरी पहिल्यांदाच रडत होतं.

जेवताना मी विचारलं, "वाटेत कोणी अडवलं नाही?"

"अडवलं नाही असं एक गाव नाही. सगळीकडे तेच, बरोबर कोण?"

"मग?"

आक्कांनी पिशवीत हात घातला आणि कापसात गुंडाळलेला प्लग ताटाशेजारी ठेवला. "मी सांगायची, भाऊ येतोय मागून लुनावर, प्लग बिघडलाय त्याचा. आणि हा काढून दाखवायची. बघितला की लोक खूश. म्हणायचे, मग हरकत नाही, जावा पुढं." त्या जयरामांकडे वळल्या. "नागपूरपर्यंत तू होतास बरं का माझ्याबरोबर."

मी हसून हसून लोळले, आणि हसता हसता मला पुन्हा संताप आला. जिवंत बाईच्या शब्दापेक्षा या लोकांना लुनाचा जळका प्लग जास्त खरा वाटला! जयराम हसले नाहीत. त्यांनी प्लग उचलला, उठून गेले, लुनाला बसवला.

त्यांच्यात फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. पुढे आक्कांची पेठकडे बदली झाली, घाटाचा रस्ता, जंगल. सायकल काढून त्या निघाल्या तेव्हा जयराम दारात आले. "बरो..." एवढं तोंडातून निघालं आणि त्यांनी ते गिळलं. "डबा घेतलास का?" त्यांनी विचारलं. आक्कांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरातच, धर्मांतराच्या घोषणेचा दिवस जवळ आला तेव्हा मी म्हटलं, "मी येवल्याला मुक्तिभूमीवर जाऊन येते. उद्या. एकटी."

जयराम पेपर वाचत होते. वर न बघताच म्हणाले, "बरोबर कोण?"

म्हणजे सुधारले होते ते आक्कांपुरतेच! बहीण एका खणातून काढून दुसऱ्यात ठेवली, बायको होती त्याच खणात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आत गेले, लुनाच्या डबीतला पाना आणला, त्यांच्या पेपरवर ठेवला, आणि भोक पडलेला तोच पदर खोचून समोर उभी राहिले.

त्यांनी पान्याकडे पाहिलं. पदराकडे पाहिलं. पेपरची घडी घातली.

"डबा घेतलास का?"

"घेतला," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गेले.